मोजणी बरोबर

माजी सैनिकांच्या त्या रुग्णालयात शल्यविभागप्रमुखाच्या जागेसाठी जाहिरात निघाली, तेव्हा एकही अर्ज आला नाही. दुसऱ्यांदा निघाली तेव्हा एक आला, तोही चुकून. त्या गृहस्थांना डोळ्यांचा विभाग हवा होता. मग एका दुपारी अधीक्षकांनी शल्यविभागातल्या मॅडमना खोलीत बोलावलं, स्वतः उठून खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "वर्षभर तुम्हीच सांभाळा. तोवर कुणीतरी मिळेलच." अधीक्षक स्वतः उठून खुर्ची देतात तेव्हा तिच्यावर बसू नये, हे मॅडमना पुढे कळलं. त्या वर्षाला आता पाच वर्षं होत आली होती.

मॅडम अठ्ठावन्न वर्षांच्या. पोटाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेले लोक म्हणायचे, कुणाच्या घरी बाळ झोपलेलं असताना दार लोटून आत जावं, तशा मॅडम पोट उघडतात. पण प्रमुख झाल्यापासून त्यांच्या वाट्याला थिएटरचा एकच वार उरला होता, बुधवार. बाकीचे दिवस रजेच्या अर्जांत, रिकाम्या जागांच्या पत्रव्यवहारात आणि गळक्या छताच्या पाहणीत जायचे. चार थिएटरांपैकी दोन चालू होती. अठरा सर्जन हवेत तिथं अकरा होते. हर्नियासाठी दहा दहा महिने थांबलेले म्हातारे व्हरांड्यात मॅडमना गाठत, काठी डाव्या हातात घेऊन उजव्यानं सॅल्यूट ठोकत आणि मग हळूच विचारत, "माझा नंबर कितवा आला?" मॅडमना त्या नंबरापेक्षा तो सॅल्यूट जड जायचा.

त्यांनी दोनदा अर्ज दिला होता. मला या पदातून मोकळं करा, नुसतं थिएटरात राहू द्या. दोन्ही अर्ज विचाराधीन होते. नवरा घरी म्हणायचा, "तुझे अर्ज विचार करतायत. करू दे, घाई करू नकोस."

तर त्या बुधवारी मॅडमच्या टेबलावर तोफवाले आजोबा होते.

आजोबा एकोणऐंशी वर्षांचे. बावीस वर्षं तोफखान्यात काढलेली, आणि कान तिथंच ठेवून आलेले. वॉर्डातला प्रत्येक जण त्यांच्याशी ओरडून बोलायचा आणि ते सगळ्यांशी कुजबुजत बोलायचे, कारण आपला आवाज किती मोठा निघतोय याचा त्यांना भरवसा नव्हता. मोठ्या आतड्यात गाठ होती. जुन्या एका शस्त्रक्रियेमुळे आतली आतडी एकमेकांना चिकटून बसली होती. अकराला सुरू केलेलं काम दोन वाजून गेले तरी चाललं होतं. तीन वाजता मुख्यालयाच्या लोकांबरोबर बैठक होती. कोपऱ्यातला फोन तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा एकच निरोप आला: मंडळी येऊन बसली आहेत.

गाठ निघाली. आतड्याची टोकं जोडून झाली. आता पोट बंद करायचं. त्याआधी मॉप मोजायचे असतात. मॉप म्हणजे रक्त टिपायला पोटात ठेवतात ती हातरुमालाएवढी जाड कापडं. जेवढी आत गेली तेवढी बाहेर आली पाहिजेत. हे काम थोरल्या सिस्टरांचं. सव्वीस वर्षं त्या मॅडमच्या टेबलापाशी उभ्या होत्या. मॅडमनी हात पुढे करायच्या आत हवं ते हत्यार त्यांच्या तळव्यावर येऊन पडायचं.

फळ्यावर वीस लिहिले होते. सिस्टरांनी मोजले, एकोणीस भरले. पुन्हा मोजले, एकोणीस. मग मदतनिसानं बादलीत हात घालून एक रक्तानं माखलेला मॉप वर काढला. वीस झाले.

सिस्टर थोडा वेळ त्या मॉपकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, हा बादलीतला मी मघाशी मोजणीत धरला होता असं वाटतंय. सगळे मांडून एकदा परत मोजते. पाच मिनिटं द्या."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. पावणेतीन. पाय सकाळपासून सुजलेले होते, कंबर धरली होती, आणि फोन चौथ्यांदा वाजत होता.

"सापडला ना? वीस झाले ना? मग बंद करू."

सिस्टरांनी सुई पुढे केली. पोट बंद झालं. कागदावर सिस्टरांनी लिहिलं, मोजणी बरोबर, आणि खाली सही केली.

बैठकीत पहिली चाळीस मिनिटं रुग्णालयातल्या पाट्या निळ्या असाव्यात की हिरव्या यावर गेली.

*

त्यानंतरच्या दहा दिवसांत मॅडमनी आजोबांना दोनदाच पाहिलं, तेही राउंडच्या गर्दीत पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून. आठव्या दिवशी अंगात बारीक ताप होता आणि आजोबा पोटावर हात ठेवून म्हणाले होते, "इथं काहीतरी आहे." मॅडमच्या तोंडून निघून गेलं, "या वयात भरून यायला वेळ लागतो, आजोबा. दोन दिवस वाट बघू." मग त्या पुढच्या पलंगाकडे वळल्या होत्या.

अकराव्या दिवशी सकाळी धाकटे डॉक्टर त्यांच्या खोलीत आले. हे मॅडमचे उपप्रमुख. वय सेहेचाळीस, डोक्यावर केस नाहीत, दोन मुलं कॉलेजात. पण रुग्णालयात आले तेव्हा सगळ्यांत लहान होते, म्हणून धाकटेच राहिले. त्यांनी दार लावून घेतलं. दार लावण्याची त्यांची पद्धत नव्हती.

"तोफवाल्यांचा ताप वाढलाय. एक्सरे काढला," ते म्हणाले. "तुम्हीच बघा."

पडद्यावर फासळ्यांच्या खाली, डाव्या बाजूला, एक पांढरी रेघ वेटोळं घालून पडली होती. मॉपच्या कापडात अशी एक पट्टी विणलेली असते, नेमकी अशाच वेळी दिसावी म्हणून. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. खरं तर पहिल्या क्षणीच दिसलं होतं. बघण्यासारखं आणखी काही नव्हतं.

"मी कुणाला बोललो नाही अजून," धाकटे डॉक्टर म्हणाले.

"बोलायला लागेलच. थिएटर मोकळं करा. आजच काढावं लागेल."

"तुम्ही करणार?"

मॅडम उठल्या. आधी त्या जिना उतरून निर्जंतुकीकरणाच्या खोलीत गेल्या.

थोरल्या सिस्टर तिथं हिरव्या चादरींच्या घड्या घालत होत्या. हे काम त्यांचं नव्हतं, पण माणसं कमी असली की त्या करायच्या, म्हणजे रोजच करायच्या. मॅडमचा चेहरा बघून त्यांनी हातातली घडी खाली ठेवली.

"तोफवाल्यांचं ना?" त्या म्हणाल्या. "बादलीतला आधीच मोजलेला होता."

"हो."

सिस्टर स्टुलावर बसल्या. "अकरा दिवस माझ्या मनात होतं. घरी गेले तरी बोटांवर मोजायचे. नवरा विचारायचा, काय हिशोब लावतेस? मी म्हणायचे, काही नाही."

"तुम्ही मला सांगितलं होतं."

"हळू सांगितलं. जोरात सांगायला हवं होतं." त्या पदरानं डोळे पुसतील असं मॅडमना वाटलं, पण त्यांनी पुसले नाहीत, नुसत्या समोरच्या चादरींकडे बघत राहिल्या. "सव्वीस वर्षांत तुम्हाला कधी थांबवावं लागलं नाही. सवयच राहिली नाही मला."

चार महिन्यांनी सिस्टर निवृत्त होणार होत्या.

*

अधीक्षकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते हळू आवाजात बोलणारे, नीट भांग पाडणारे गृहस्थ होते. त्यांनी फाइल मागवली, आजोबांचा कागद काढला आणि चष्मा कपाळावर चढवून वाचला.

"मोजणी बरोबर," ते म्हणाले. "खाली सही आहे."

"माझ्या सांगण्यावरून आहे ती."

"असं कुठं लिहिलेलं नाही." त्यांनी कागद मॅडमकडे सरकवला. "हे बघा, मॅडम. रुग्णाला सांगायचं हे तर ठरलेलंच. लपवाछपवी मला चालणार नाही. पण सगळं एकदम कशाला? सांगा की आत पू झालाय, पुन्हा उघडावं लागेल. खोटं नाही ते. पू झालेलाच आहे. मग बरे झाले की सावकाश बाकीचं सांगू. आणि चौकशीत कागद जे सांगतो ते सांगू. सिस्टर चार महिन्यांनी जाणारच आहेत. जाता जाता एक शेरा बसला तर त्यांचं काय बिघडतं? तुमच्यावर बसला तर विभाग बसेल. तुमच्यानंतर आहे कोण?"

मॅडमना एकदम इतका थकवा आला की त्यांना वाटलं, इथंच टेबलावर डोकं टेकावं. अधीक्षक वाईट माणूस नव्हते. विभाग खरंच बसला असता. आणि त्यांनी जे सुचवलं ते किती सोपं होतं. नुसतं मान हलवायची. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण इथं विहिरीला पायऱ्या होत्या, गार पाणी होतं आणि आत उतरा म्हणून माणूस हात देत होता.

"अहवाल मी संध्याकाळपर्यंत देते," त्या म्हणाल्या. "माझ्या शब्दांत."

"रागानं लिहू नका."

"राग यायला जोर लागतो, साहेब. तो नाही."

*

आजोबांच्या वॉर्डात आठ पलंग होते आणि आठही भरलेले. आजोबा खिडकीपाशी उशीला टेकून बसले होते, ओठ सुकलेले, गाल तापानं लाल. शेजारी त्यांची लेक उभी होती. ती शहरबस चालवायची; ड्युटी संपवून तशीच आली होती, गणवेशाच्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. धाकटे डॉक्टर मॅडमच्या मागे येऊन थांबले.

"आजोबा, थोडं बोलायचं आहे," मॅडम त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "पलीकडच्या खोलीत जाऊ या का? खुर्ची आणवते."

"इथंच बोला," आजोबा कुजबुजले. "उठवत नाही मला. आणि यांच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. अंघोळ घालतात ते मला."

मॅडमनी स्टूल ओढलं. "तुमच्या ऑपरेशनच्या वेळी एक कापड आत राहिलं."

"काय राहिलं?"

"कापड."

"कापडं मुलगी घेऊन गेली धुवायला."

पलीकडच्या पलंगावरचा एक पाय नसलेला म्हातारा हसला. मॅडमनी श्वास घेतला. आवाज चढवायला लागणार होता. आयुष्यभर त्यांनी वाईट बातम्या हलक्या आवाजात सांगितल्या होत्या, दार लावून, पाण्याचा ग्लास जवळ ठेवून.

"पोटात," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "तुमच्या पोटात कापड राहिलंय. माझ्या हातून."

वॉर्डात कुणीतरी रेडिओ बंद केला. आजोबांची लेक हळूहळू मॅडमकडे वळली.

"सिस्टर मला म्हणाल्या होत्या की परत मोजू," मॅडम त्याच आवाजात बोलत राहिल्या, कारण आता थांबलं तर पुन्हा सुरुवात करता आली नसती. "मला घाई होती. मी नको म्हटलं. तुम्हाला ताप येतोय तो त्यामुळे. तुम्ही मला सांगितलंत की इथं काहीतरी आहे. ते खरं होतं. तेही मी ऐकलं नाही. आज पुन्हा पोट उघडून ते काढावं लागेल. मी तुमची माफी मागते."

आजोबांनी पोटावरचा हात उचलला, पुन्हा ठेवला.

"केवढं आहे?"

"हातरुमालाएवढं."

आजोबांनी मान हलवली, जणू अंदाज बरोबर निघाला. "एक खांद्यात आहे माझ्या," ते म्हणाले. "लोखंडाचा तुकडा. चाळीस वर्षं झाली. तो कुणी टाकला ते सांगायला कुणी आलं नाही."

लेकीच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं की समजूतदारपणा नव्हता, आणि तो असावा असं मॅडमना वाटतही नव्हतं. ती पलंगाला वळसा घालून समोर आली.

"बाबा अकरा दिवस सांगतायत दुखतंय म्हणून," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुमचे लोक म्हणाले, वय झालंय. तुम्हीसुद्धा म्हणालात. मी इथंच उभी होते, तुमच्या मागे. तुम्ही बघितलं नाही माझ्याकडे."

"नाही बघितलं."

"मी रोज बस डेपोत लावते तेव्हा शेवटच्या सीटपर्यंत चालत जाते. कुणी झोपून राहिलं असेल तर म्हणून. बारा तास चालवलेली असते. पाय उचलत नाही. तरी जाते. एवढी साधी गोष्ट आहे ती. तुम्हाला एवढं जमलं नाही?"

पाट्यांच्या रंगाची बैठक होती, हे काही उत्तर झालं नसतं.

"नाही जमलं," त्या म्हणाल्या.

आजोबांना हे बोलणं ऐकू आलं नसावं, पण लेकीचा चेहरा त्यांना वाचता येत होता. त्यांनी तिचा हात धरून तिला पलंगावर बसवलं. मग मॅडमना विचारलं, "आज कोण करणार?"

"तुम्ही सांगाल तो करेल. मी करू शकते. नाहीतर हे डॉक्टर करतील."

आजोबांनी धाकट्या डॉक्टरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, नवा गडी तोफेवर घ्यायचा असावा तसं.

"हे करतील," ते म्हणाले. "राग नाही माझा. पण तुम्ही दमलेल्या दिसता. दमलेल्या माणसाला आम्ही तोफेवरून खाली उतरवायचो. शिक्षा नसायची ती. त्याला नुसतं म्हणायचो, जा, झोप."

*

त्या दुपारी धाकटे डॉक्टर थिएटरात होते आणि मॅडम खाली आपल्या खोलीत अहवाल लिहीत बसल्या होत्या. दीड तास. वर काय चाललं असेल हे त्यांना मिनिटागणिक दिसत होतं: आता टाके उसवले असतील, आता पू शोषून घेत असतील, आता आतडं हळूच सोडवत असतील. त्यांची बोटं टेबलाखाली आपोआप हलत होती. अहवाल एका पानाचा झाला. सिस्टरांनी पुन्हा मोजण्याची परवानगी मागितली. मी ती नाकारली. एवढ्या दोन वाक्यांसाठी त्यांनी तीन कागद फाडले.

धाकटे डॉक्टर खाली आले तेव्हा त्यांच्या टोपीखाली घामाची रेघ उमटली होती. "निघालं. जोड शाबूत आहे. पण पू बराच होता. चार-पाच दिवस आयसीयूत ठेवू." मग जरा थांबून म्हणाले, "मोजणी सिस्टरांनी केली. तीनदा. मी काही बोललो नाही."

घरी गेल्यावर मॅडम बुटांसकट दाराजवळच्या बाकावर बसून राहिल्या. नवरा नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेला, घरातलं सगळं काटकोनात ठेवणारा माणूस. तो स्वयंपाकघरातून आला, त्यांच्याकडे बघितलं आणि काही न विचारता खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. मॅडमनी तिथंच बसून त्याला सगळं सांगितलं.

"म्हातारा वाचेल?" शेवटी त्यानं विचारलं.

"वाचेल बहुतेक."

"मग जेवून घे. वाचला नसता तरी जेवावंच लागलं असतं, पण आता जरा बरं जाईल."

*

दुसऱ्या दिवशी थोरल्या सिस्टर सरळ मॅडमच्या खोलीत आल्या. अहवालात काय आहे ते त्यांना कळलं होतं. अशा गोष्टी रुग्णालयात लिफ्टच्याही आधी पोचतात. मॅडमना वाटलं, आभार मानायला आल्या असतील, आणि ते कसे परतवायचे याचा त्या विचार करू लागल्या.

"माझं नाव तुम्ही का काढून टाकलंत?" सिस्टर म्हणाल्या.

"काढलं नाही. खरं ते लिहिलं."

"अर्धं लिहिलं. सही कुणाची आहे? तुम्ही माझा हात धरून करून घेतली होती का? मला शंका होती, तरी मी बरोबर लिहिलं. ते माझं आहे. सव्वीस वर्षं मी काम केलंय, मॅडम, तुमच्या मागे उभी राहून हत्यारं नाही नुसती दिली. चांगलं झालं तेव्हा आम्ही दोघींनी केलं म्हणत होतात. आता वाईट झालं तर एकट्या घेऊन चाललात."

समोरच्या या बाईला आपण वाचवलं, असं काल रात्री झोपताना त्यांना वाटलं होतं, आणि तेवढ्याच विचारावर डोळा लागला होता.

"मग काय करायचं म्हणता?"

"मी माझा कागद वेगळा देतेय. तुम्हाला दाखवायला आणलाय, विचारायला नाही."

सिस्टरांच्या अक्षरात, मोजून अकरा ओळींत, सगळं होतं. मॅडमनी वाचून तो परत दिला. सिस्टरांनी त्याची घडी घातली, चादरीची घालतात तशी, आणि त्या अधीक्षकांच्या खोलीकडे गेल्या.

आजोबा आयसीयूत पाच दिवसांऐवजी नऊ दिवस राहिले. मधे दोन दिवस असे गेले की त्यांच्या छातीत कफ भरला आणि धाकट्या डॉक्टरांनी घरी जायचं सोडलं. मॅडम रोज सकाळी जायच्या. लेक तिथं असली तर ती उठून बाहेर जायची. नसली तर मॅडम थोडा वेळ स्टुलावर बसायच्या. एकतिसाव्या दिवशी आजोबा चाकाच्या खुर्चीतून घरी गेले, अकरा किलोनं कमी होऊन. त्यांनी मॅडमना खुणेनं बोलावलं आणि कानाशी कुजबुजले, "झोपलात का?" मॅडमनी खोटंच हो म्हटलं. लेकीनं खुर्ची ढकलत नेली. ती शेवटपर्यंत मॅडमशी बोलली नाही.

चौकशी समितीत तिघे होते. ते दोनदा आले, चहा प्यायले, दोन्ही कागद वाचले आणि सहा आठवड्यांनी पत्र पाठवलं. थोरल्या सिस्टरांच्या सेवापुस्तकात ताकीद. मॅडमना सहा महिने शस्त्रक्रिया करण्यास मनाई. आणि खाली एक वाक्य: योग्य व्यक्ती उपलब्ध होईपर्यंत विभागप्रमुखपदाचं काम त्यांनी चालू ठेवावं.

मॅडमनी ते वाक्य दोनदा वाचलं. त्यांना खुर्ची सोडून सुरी हातात ठेवायची होती. समितीनं सुरी काढून घेतली आणि खुर्ची ठेवली. नवऱ्याला फोन लावून त्यांनी पत्र वाचून दाखवलं. मग तो म्हणाला, "अर्ज विचार करून आले म्हणायचे."

सोमवारी विभागाची बैठक असायची, सकाळी आठला. मॅडमनी त्या सोमवारी अकराही सर्जनांना, भूल देणाऱ्यांना आणि सिस्टरांना बोलावलं आणि तोफवाल्यांचा एक्सरे पडद्यावर लावला. नाव झाकलं होतं, पण कुणाचं ते सगळ्यांना माहीत होतं. मॅडमनी काय झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, घड्याळ किती वाजल्याचं दाखवत होतं तेही. थिएटरातला फोन त्या दिवसापासून बाहेर गेला. पोट बंद करायच्या आधी सगळे मॉप ओळीनं मांडायचे, आणि टेबलाभोवतीचं कुणीही, झाडूवालासुद्धा, थांबा म्हणालं की थांबायचं, असं ठरलं. थोरल्या सिस्टरांनी उरलेले अडीच महिने नव्या नर्सेसना मोजायला शिकवण्यात घालवले. त्यांची शिकवण अशी की एक दिवस एका नर्सनं धाकट्या डॉक्टरांना भर शस्त्रक्रियेत थांबवलं आणि मोजणी बरोबर निघाली. धाकटे डॉक्टर तिला धन्यवाद म्हणाले. दात खाऊनच म्हणाले, पण म्हणाले.

त्या बैठकीचा एक परिणाम मात्र मॅडमच्या हिशोबात नव्हता. लोक यायला लागले. आधी एक तरुण सर्जन आली, तिच्या हातून एक टाका सैल राहिला होता. मग औषधांच्या खोलीतला एक जण आला. गुरुवारी दुपारी भूलतज्ज्ञ आले. पंचावन्न वर्षांचा कडक माणूस, कुणाशी दोन शब्द जास्त न बोलणारा. ते दारातच उभे राहिले.

"दोन वर्षांपूर्वीचं आहे," ते म्हणाले. "एका रुग्णाला चुकीचं औषध दिलं मी. लगेच लक्षात आलं, काही झालं नाही. पण त्याला सांगितलं नाही. कुणालाच नाही."

"दोन वर्षं?"

"तुमचं दार बंद असायचं."

"दार नव्हतं बंद. मी बैठकीत असायचे."

"तेच ते."

मॅडमच्या समोर रजेचे चौदा अर्ज पडले होते, छताचा नवा अहवाल होता आणि निम्मा प्यायलेला चहा होता. खरं बोलल्यानं मन हलकं होतं म्हणतात. होतही असेल. पण त्यांचं काम दुपटीनं वाढलं होतं हे नक्की.

"तो रुग्ण अजून येतो?" त्यांनी विचारलं.

"दर महिन्याला, गोळ्या न्यायला. आत्ता खाली रांगेत बसलाय. म्हणून तर..." भूलतज्ज्ञ अडखळले. "मला सांगायचंय त्याला. पण एकट्यानं पाय निघत नाही."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. मग चहाचा कप बाजूला सारला, टेबलाला हात टेकून उठल्या आणि टेबलाखाली काढून ठेवलेले बूट पायांत सरकवले.

"चला," त्या म्हणाल्या. "पण बोलायचं तुम्ही. मी नुसती शेजारी उभी राहीन."